चाळीस रुपये नग

सकाळी ९.१०

नानलपेठेतल्या बोळात शटर अर्धं वर जातं आणि अडतं. उरलेलं मिस्त्री खांद्यानं रेटतात. दुकान आठ बाय दहाचं. पाटीवर पंखे, कूलर, मिक्सर, इस्त्री. रेकॉर्ड प्लेयरचं नावही नाही. एप्रिल चालू आहे. दारातच वायंडिंगला आलेल्या कूलरच्या मोटारी रांगेनं पडल्यात. खरी कमाई तीच. पण बारीक काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. हाताला घाम सुटला की चिमटा धरवत नाही. म्हणून मिस्त्री मोटारी ओलांडून आत जातात आणि टेबलावरचं पार्सल फोडतात.

बुटाचं खोकं. आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांत गुंडाळलेली २२ जुनी कार्ट्रिज. प्लेयरच्या आर्मच्या टोकाला बसतं ते डोकं, खालून पिन बाहेर आलेली. मुंबईचा एक व्यापारी चोर बाजारातून, मटन स्ट्रीटवरून आणि भंगारवाल्यांकडून बिघडलेले प्लेयर उचलतो, डोकी काढून सुटी विकतो. जिवंत कोणतं नि मेलेलं कोणतं, हे मिस्त्रींनी सांगायचं. नगाला ४० रुपये. कुरिअर दोन्ही बाजूंचं व्यापाऱ्याकडे. मुंबईत या कामाचे जास्त पडतात, म्हणून खोकं परभणीला येतं.

९.२५

मिठाईच्या खोक्यांची तीन झाकणं टेबलावर मांडली जातात. पहिल्यात तीन नग लगेच जाऊन पडतात. मीटर नाही, भिंग नाही, नुसतं बघून. हे सगळ्यांत जुने, क्रिस्टलचे. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. पिन थरथरली की स्फटिक वाकतो, वाकला की वीज देतो. पण शेवटी मीठच ते. पावसाळ्यात ओल धरतं, आणि ५५ अंशांच्या आसपास कायमचं कामातून जातं. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या प्लेयरला मराठवाड्याच्या मे महिन्यात एवढी उष्णता लागणं काही अवघड नाही. एका नगाच्या फटीतून पांढरी भुकटी आलीय. मिस्त्री ती फुंकरीनं उडवतात.

"ह्ये तपासायचेबी चाळीसच घेणार?" मी विचारतो.

"मेलेलाबी नगच हाय ना."

९.४०

दुसऱ्या झाकणात सात नग. सिरॅमिकचे. बहुतेकांच्या पोटाखाली छोटी कळ आहे. ती फिरवली की एका बाजूला एलपीची पिन, दुसऱ्या बाजूला ७८ची. यांना ओहमच्या मीटरवर काही कळत नाही, कारण आत तारेचं वेटोळंच नसतं. त्यांना सरळ मशीनला लावायचं. मशीन म्हणजे अहुजाचा जुना ॲम्प्लिफायर, कुण्या मंडपवाल्यानं उधारी फेडायला दिलेला. सिरॅमिक जोरात बोलतं, त्याला मधे प्रीॲम्प लागत नाही. मिस्त्री एकेकाच्या मागच्या टोकांना वायर लावतात आणि पिनेवरून रंगाच्या ब्रशचा केस हळूच फिरवतात. स्पीकरमधून खर्रर्र आलं तर जिवंत.

सातपैकी तीन मुके. एकाचा आवाज येतो, पण डावीकडूनच. मिस्त्री मागची पितळी टोकं टूथपिकनं घासतात. गंजाची हिरवी पूड खाली पडते. आता दोन्हीकडून येतो. हा चौथा जिवंत. या घासण्याचे वेगळे पैसे नाहीत.

१०.०५

मदतीला येणारा पोरगा उशिरा पोचतो. रोज ३५० आणि दोन चहा. तो दारातच बसून मोटारीचं जळकं तांबं छिन्नीनं कापायला घेतो. ठक ठक सुरू होते. टेबल हलतं. मिस्त्री त्याला मोटार बाहेर ओट्यावर न्यायला लावतात.

तिसऱ्या झाकणातले बारा नग मॅग्नेटिक. इथं मल्टिमीटर चालतो. मागे चार टोकं: लाल-हिरवं उजव्या बाजूचं, पांढरं-निळं डाव्या. मिस्त्री दोन जोड्या मोजतात. काटा काही शे ओहमवर थांबला आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या तर आतली तार शाबूत. केसाहून बारीक तांब्याची तार आहे ती. गंजली किंवा कुणी टोकावरच सोल्डर मारला तर आतल्या आत तुटते. बारापैकी चार एका बाजूनं तुटलेले निघतात. त्यांतला एक शुअरचा एम ७५. त्याच्या टोकावर कुणीतरी वाटाण्याएवढा सोल्डर चढवलाय. मिस्त्री तो माझ्यापुढे धरतात आणि एक शिवी देतात. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

१०.५०

आता पिना. दिवसातलं हेच काम सगळ्यांत हळू.

स्टँडला बांधलेला स्वस्तातला डिजिटल मायक्रोस्कोप, वायर मोबाइलला जोडलेली. साठपट दिसतं. पण मिस्त्रींचा जीव घड्याळजीच्या जुन्या भिंगावर आहे. आधी तेच डोळ्याला लावतात. पहिल्यांदा दांडी बघायची. सुई जिच्या टोकाला बसवलेली असते ती बारीक ॲल्युमिनियमची दांडी सरळ हवी, समोरून बघताना मधोमध हवी. एकीची डावीकडे कललीय, कुणाचा तरी फटका बसलाय. मग दांडीच्या मुळाशी असलेलं रबर. चाळीस-पन्नास वर्षांत हे रबर एक तर दगड होतं, नाही तर गुळासारखं ढिलं. दगड झालं तर सुई खाचेत नाचत नाही, खाच खरवडते. ढिलं पडलं तर डोकं पोटावर बसतं. मिस्त्री बोटाच्या पेराच्या बाजूनं दांडीला किंचित उचल देतात. ती परत आली पाहिजे, आणि बेतानं आली पाहिजे.

शेवटी टोक. चांगली गोल सुई भिंगाखाली गुळगुळीत दिसते, उजेड एका ठिपक्यावर थांबतो. झिजलेल्या सुईच्या दोन्ही कुशींना दोन चपट्या खिडक्या पडलेल्या असतात. दिवा बाजूनं फिरवला की त्या एकदम चमकतात. खाचेच्या दोन भिंती टोकाला दोन्हीकडून घासतात, म्हणून झीजही जोडीनं येते. अशी सुई म्हणजे पटाशी. ती रेकॉर्डवर गाणं वाजवत नाही, कोरते.

हिऱ्याची साधी गोल सुई ५०० तास धरून चालायची. एलपीच्या २० मिनिटांच्या एका बाजूला सुई खाचेतून सुमारे ४३० मीटर चालते. ५०० तासांत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. परभणीहून रेल्वेनं मुंबई गाठून वर थोडे. तेही एका ग्रॅम-दोन ग्रॅमच्या ओझ्याखाली, इतक्या बारीक टोकावर की टोकाखालचा दाब आपल्याला हातानं कधीच देता येणार नाही. निळमण्याची सुई तर काही डझन तासांतच जाते. जुन्या प्लेयरांत तीच असायची, आणि वर्षानुवर्षं तशीच चालवलेली असायची.

मायक्रोस्कोपचा फोटो मोबाइलवर घेऊन मिस्त्री प्रत्येक नगाच्या नंबरानं ठेवतात. तार शाबूत असलेल्या आठांपैकी सहांच्या पिना गेलेल्या. दोनच चालण्यासारख्या. चार सिरॅमिकपैकी दोघांच्या गेलेल्या.

१२.१५

मानवतचे एक काका रिक्षातून उतरतात. सत्तरी पार. मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता, आता मुलगा डीजे चालवतो. हातात एचएमव्हीचा फिएस्टा, झाकणात स्पीकर असलेला, आणि शबनममध्ये पंधरा-वीस रेकॉर्डी. मिस्त्री उठून त्यांच्यासाठी स्टूल पुसतात. पोरवयात त्यांच्याच लाउडस्पीकरवर मिस्त्री रेकॉर्डी बदलायला होते. भोंगा लिंबावर चढवून बांधायचा, बॅटरी डोक्यावर न्यायची, आणि हळदीपासून वरातीपर्यंत प्लेयरजवळून उठायचं नाही. मजुरी काय मिळायची, तर जेवण आणि नवरीकडचा टॉवेल.

काकांना रेकॉर्डी विकायच्यात. हल्ली पोरं म्हणे चांगले पैसे देतात. पॉलिडोरनं काढलेली 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड ते सगळ्यांत वर काढतात.

मिस्त्री ती खिडकीकडे धरून तिरपी करतात. नवी रेकॉर्ड काळीभोर चमकते. हिच्यावर करड्या रंगाचा पट्टा आलाय, गब्बरचा भाग जिथं असावा बरोबर तिथं.

"काका, हिला पिननं खाल्लंय."

"कामून? वाजती की अजून."

"वाजती. पण पिन कवा बदलायचो आपण?"

"सीझन सरल्यावर."

"बगा मग."

काका हसतात. लग्नं किती लागायची सीझनला, ते सांगतात. आकडा दर वेळी वाढतो. मिस्त्री फिएस्टा उघडतात. आतलं सिरॅमिक जिवंत आहे, फक्त कळ ७८च्या बाजूला फिरलेली. म्हणजे या रेकॉर्डीवर जाड सुई चाललीय. ७८ची सुई टोकाला साधारण ७५ मायक्रॉनच्या गोलाईची, एलपीची १८च्या आसपास. जाड सुई बारीक खाचेत उतरत नाही, तिच्या काठावरून घासत जाते. उलटं केलं, एलपीची सुई ७८वर लावली, तर ती खाचेच्या तळाशी पडते आणि धुरळ्यात लोळत राहते.

काकांच्या पिशवीत दोन ७८ आहेत. एक यंग इंडियाची, मुंबईत वडाळ्याला निघायची ती. मिस्त्री तिला स्पिरिट लावू देत नाहीत. ७८ लाखेची असते, स्पिरिटनं विरघळते. कोरडा मऊ कपडा, बास. तीच एकटी विकण्यासारखी आहे, असं ते सांगतात. काका म्हणतात, तीच मला ठेवायची होती.

पिन बदलायचे १८० सांगितले जातात. पिन मिस्त्रींकडे आहे. बारीक लाल प्लॅस्टिकची, चिनी, सिरॅमिकला चालणारी. खरेदी ११०. काका दीडशे देतात. मिस्त्री काही बोलत नाहीत.

दुपारी १.४०

लाईट जाते. पोरगा डबा उघडतो. बाहेर ४२ अंश आहे. जारचं पाणी संपत आलंय, दुसरा जार ३० रुपयांना. मिस्त्री भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खातात. जेवताना पोरगा त्यांना मोबाइलवर काही दाखवतो. त्याच मुंबईच्या व्यापाऱ्याची जाहिरात. मागच्या खोक्यातला शुअर एम ४४-७. किंमत साडेचार हजार. खाली लिहिलंय, तज्ज्ञाकडून तपासलेला.

मिस्त्री बोट पुसून फोटो मोठा करून बघतात.

"फोटो चांगला काढलाय," म्हणतात, आणि ठेचा मागतात.

शुअरनं २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं. तेव्हापासून जुन्या डोक्यांचे भाव चढले आणि खोट्या पिनांचा सुळसुळाट झाला. शुअरच्या डब्यासारखा डबा, आत कुठलीही पिन. खरी पर्यायी पिन हवी तर जपानच्या जिकोची चांगली. ती कंपनी १८७३मध्ये शिवणाच्या सुया करायला निघालेली, आता जगभरच्या बंद पडलेल्या कार्ट्रिजांना पिना पुरवते. पण ती इथं पोचेपर्यंत कार्ट्रिजच्या किमतीएवढी होते. म्हणून परभणीत कोणी जिको मागवत नाही. मिस्त्रींनी तिची एकच पिन आणलीय, एम ७५ची, तीही विकायला नाही. ती तपासणीची पिन. डबीत कापूस घालून ठेवलेली.

३.१०

लाईट आली. कृषी विद्यापीठातल्या एक मॅडम येतात. ऑनलाइन घेतलेला सुटकेससारखा प्लेयर, दोन महिन्यांचा. गाणं तिसऱ्या मिनिटाला उडतं. वडिलांची नाट्यगीतांची एलपी आहे, म्हणून जीव खालीवर.

मिस्त्री आधी सराफाचा छोटा डिजिटल काटा काढतात. पिनेचं वजन मोजायला यापेक्षा बरं काही नाही. एकच भानगड असते: काट्याची ताटली लोखंडी असेल तर मॅग्नेटिक कार्ट्रिज तिला ओढलं जातं आणि वजन खोटं येतं. म्हणून ते ताटलीवर बाटलीचं प्लॅस्टिक झाकण ठेवतात, काटा शून्यावर आणतात, झाकणावर पिन टेकवतात. आज मॅग्नेटिक नाही, सिरॅमिक आहे, पण सवय. ५.८ ग्रॅम. या जातीच्या प्लेयरला एवढं असतंच, आणि कमी करायला मागे वजनही दिलेलं नसतं.

मग भिंग. पिनेच्या टोकाला करड्या धाग्यांचा बोळा. सुई आहे कुठं, तेच दिसत नाही. मऊ ब्रशचे दोन हात, मागून पुढे. पुढून मागे कधी नाही, दांडी मोडते. एलपी लावतात. तिसरं मिनिट येतं आणि जातं.

"एवढंच?" मॅडम.

"एवढंच. पन्नास द्या. पण एक सांगू का, सहा महिन्यांनी पिन बदला. आणि वडिलांची रेकॉर्ड रोज नका लावू ह्याच्यावर. वजन लई हाय."

मॅडम विचारतात, मग कशावर लावू? मिस्त्री चांगल्या प्लेयरचे, वेगळ्या प्रीॲम्पचे, स्पीकरचे अंदाज सांगतात. मॅडम वहीत लिहून घेतात. पन्नास देतात. प्लेयर उचलतात.

४.००

कोपऱ्यात चादरीखाली जर्मन ड्युअल आहे. काळ्या जंगलातल्या सेंट गेऑर्गेनचा. एका निवृत्त साहेबांनी सत्तरच्या दशकात तिकडून आणलेला, पाच महिन्यांपासून इथं पडून. आर्म आपोआप उठून रेकॉर्डवर जात नव्हता, मधेच लटकायचा. आत एका पितळी खुंटीवर रबराची इवलीशी टोपी असते, ती कुजून गेलेली. जर्मनीहून मागवली असती तर टोपीपेक्षा टपाल महाग. मिस्त्रींनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून बसवली. किंमत दोन रुपये. आता आर्म उठतो, पुढे जातो, बेतानं खाली उतरतो.

जगात जर्मनी, भारतात परभणी ही म्हण इथला प्रत्येक माणूस सांगतो. मिस्त्री सांगत नाहीत, त्यांना वैताग आहे तिचा. पण आज पोरगाच म्हणतो, आणि स्वतःच हसतो.

४.२५

ऐकण्याचं काम. ओट्यावरची ठक ठक थांबवली जाते. पोरगा खूश. टेबलावर सुटं हेडशेल बसणारा जपानी टर्नटेबल, पुढे फोनो प्रीॲम्प. मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देतं, ते तसंच अहुजाला लावलं तर डास गुणगुणल्यासारखं येईल.

कार्ट्रिज हेडशेलमध्ये बसवायचं. अडीच मिलिमीटरचे दोन स्क्रू, मागे चार वायरी. मग कागदी प्रोट्रॅक्टरवर पिन टेकवून कोन लावायचा. हा कागद झेरॉक्सचा, दोन रुपयांचा. झेरॉक्स मशीन कधी कधी नक्कल किंचित लहान काढतं, म्हणून मिस्त्रींनी त्यावरची रेघ पोलादी पट्टीनं मोजून ठेवलीय. मग वजन, मग रेकॉर्ड.

तपासणीची रेकॉर्ड एक जुनी मोनो एलपी आहे. मोनो असल्यानं दोन्ही स्पीकरमधून सारखंच यायला हवं. एक बाजू मऊ असेल तर लगेच कळतं. पहिलं गाणं ते ऐकतच नाहीत. सुई थेट शेवटच्या गाण्यावर टेकवतात, लेबलाला लागून. तिथं वर्तुळ लहान, तेवढ्याच वेळात तेवढंच गाणं कमी लांबीत कोंबलेलं. कमअस्सल सुई पहिल्यांदा तिथंच उघडी पडते. गायिकेचा प्रत्येक 'स' फाटतो. मिस्त्री डोळे मिटतात वगैरे काही नाही. ते खिडकीतून ओट्यावर कोण आलंय ते बघत असतात. 'स' फाटला की हात आपोआप आर्मकडे जातो.

पिन बरी असलेले दोन्ही नग पास होतात. एक ऑडिओ-टेक्निकाचा ३६००, साधा, स्वस्त, पण गुणी. त्याला तीन ग्रॅम देतात. पिन गेलेल्यांतही एक एम ७५ आहे. त्याला डबीतली जिको लावून ऐकतात. बॉडी उत्तम. तीन मिनिटं वाजवून पिन परत कापसात. राहिलेल्या पाचांना हातची पिन नाही. त्यांच्या चिठ्ठीवर मिस्त्री लिहितात: मीटरवर ठीक, ऐकलेलं नाही.

६.०५

मुंबईचा फोन. स्पीकरवर.

"किती चालू निघाले, मिस्त्री?"

"चार. आठांची बॉडी चालू, पिन गेली. दहा मेले."

"त्या आठांना चालूच लिहा ना. वाजतायत तर सही."

"वाजतात. पण पिन गेली."

"गिऱ्हाईक बघून घेईल."

"मग चिठ्ठीबी बघून घेईल."

पलीकडे थोडं हसू. पैसे रात्री फोनवर टाकतो म्हणतात. २२ नगांचे ८८०. मागच्या खोक्याचे ३६० अजून यायचेत, मिस्त्री आठवण देतात. हो हो, म्हणतात, आणि फोन कटतो.

प्रत्येक नगावर आता पांढरी चिठ्ठी चिकटवली जाते. नंबर, वजन किती द्यायचं, पिन कशी. अक्षर वळणदार. चिकटपट्टी पारदर्शक, एका बोटानं निघेल अशीच. जास्त चिकट लावली तर नगाचा रंग उडतो, म्हणतात. व्यापारी ती काढणार हे त्यांना माहीत आहे का, हे मी विचारत नाही. पिनांवर मात्र पिवळं प्लॅस्टिकचं टोपण ते स्वतःच्या डब्यातलं घालतात. पार्सलातून येताना चार पिना उघड्याच आल्या होत्या.

६.५०

पोरगा खोकं घेऊन कुरिअरला पळतो. सात वाजता त्यांचं शटर पडतं. मिस्त्री पहिल्यांदा मोटारीला हात लावतात. पोरानं तीन वायंडिंगं उतरवून ठेवलीत, एकही भरलेलं नाही. उद्या सकाळी दोन गिऱ्हाईकं कूलरसाठी येणार, रात्री जागावं लागणार.

७.२०

एक बाई मिक्सर घेऊन येतात. भांडं गळतंय. मिस्त्री उलटं करून बुश फिरवतात, बोटाला काळं लागतं.

"किती होतील?"

"ऐंशी."

"मागं साठ घेतले होते."

"मागं पितळ सस्तं होतं, ताई."

"सत्तर."

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर उचलतात. "बसा. पाच मिनटं लागतील."